जुनी डिस्क काढूनच विंडोज टाका, असं का म्हणतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया मन लावून लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या लॅपटॉपला एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) बसवली की सरळ क्लोन मारावा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवावी, तासाभरात काम होतं. मी मात्र विंडोज नव्याने टाकायला सांगतो, वर जुनी हार्ड डिस्क काढून ठेवायला लावतो आणि लोकांना उगाच घाबरवतो. शिवाय सोलापूरच्या उन्हात एसएसडी तग धरत नाही, याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. तुम्ही अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचे हिशेब बघता, तेव्हा तुमचाच लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवून लिहितो.

डिस्क काढायचा मुद्दा मी सोडणार नाही. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना विंडोज टाकायला घेतलं, की इन्स्टॉलर आधीपासून असलेलं बूटचं पार्टिशन (विंडोज सुरू करणाऱ्या फाइलींसाठी राखलेला डिस्कचा भाग) शोधतो. ते जुन्या डिस्कवर सापडलं, तर विंडोज जातं नव्या एसएसडीवर, पण ते सुरू करणाऱ्या फाइली बसतात जुन्या डिस्कवर. लॅपटॉप झकास चालतो, कुणाला काही कळत नाही. पुढे कधीतरी ती जुनी डिस्क बंद पडते किंवा कुणीतरी जागा हवी म्हणून ती फॉरमॅट मारतं, आणि लॅपटॉप बूट डिव्हाइस मिळत नाही म्हणून अडून बसतो. एसएसडी ठणठणीत, विंडोज जागेवर, तरी काही उघडत नाही. हे २० तारखेला, जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायच्या दिवशी झालं तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बूटच्या फाइली परत तयार करता येतात, पण ते काम ऐन घाईत, नवख्या माणसाने करण्यातलं नाही. त्यापेक्षा आधी चार स्क्रू काढलेले बरे. तीच काढलेली डिस्क तुमचा बॅकअपही असते. नवीन विंडोजवर सगळं नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत तिला हात लावू नका.

आता क्लोनचं. क्लोन वाईट असं मी कधीच म्हटलेलं नाही. जुनी डिस्क निरोगी असेल आणि पुन्हा टाकता येणार नाही असं एखादं सॉफ्टवेअर तिच्यावर असेल, तर मीही क्लोनच करीन. पण लोक एसएसडी बसवायला येतात कधी? लॅपटॉप रखडायला लागला की. आणि रखडण्याचं कारण पुष्कळदा मरायला टेकलेली डिस्क हेच असतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून बघा. तिथे ‘कॉशन’ (सावधान) दिसलं, तर क्लोन खराब सेक्टरवर, म्हणजे डिस्कच्या न वाचता येणाऱ्या तुकड्यावर, अडकण्याची शक्यता मोठी, आणि जी फाइल वाचताच येत नाही ती नव्या डिस्कवर तरी धड कुठून येणार? अशा वेळी सगळ्यात आधी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा बाहेर काढायचा, बाकी सगळं नंतर.

नव्याने टाकताना तुमच्यासारख्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. टॅलीचं लायसन्स जुन्या डिस्कवरून आधी सरेंडर करा, म्हणजे तिथून मोकळं करा. आणि डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून ठेवा. विंडोजची की (लायसन्सचा क्रमांक) मात्र पुन्हा विकत घ्यावी लागत नाही. विंडोज ८ पासून कंपनीकडूनच विंडोज टाकून आलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डवरच असते, डिस्क बदलली तरी ती जात नाही. दुकानात कुणी ‘की’चे वेगळे पैसे मागितले तर हे जरूर सांगा.

उन्हाची शंका रास्त आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. पण साध्या एसएसडी चालू असताना ७० अंशांपर्यंत काम करण्यासाठी बनवलेल्या असतात, लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची मर्यादा त्याहून कमी, साधारण ६० अंश. उलट एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे लूमच्या हादऱ्यांचाही तिला त्रास नाही. उन्हाचा खरा धोका वेगळाच आहे: एसएसडी वीज न देता गरम जागी महिनोन्‌महिने पडून राहिली, तर डेटा हळूहळू पुसट होतो. जेडेक या चिप-उद्योगाच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात लिहिण्याची सगळी क्षमता संपलेल्या एसएसडीने बंद अवस्थेत ३० अंशांना एक वर्ष डेटा राखावा, इतकीच अपेक्षा आहे. तापमान वाढलं की ही मुदत घटते. म्हणून मागच्या वर्षांचे हिशेब एसएसडीवर घालून कपाटात ठेवू नका, त्याला हार्ड डिस्कच बरी.

‘लिहून लिहून मरते’ या भीतीचा हिशेब तर तुम्हीच मांडू शकता. १५० टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण १५० टेराबाइट लिहिण्याची मर्यादा असलेल्या एसएसडीवर रोज २० जीबी लिहिलं, तरी ती मर्यादा गाठायला ७५०० दिवस लागतात, म्हणजे वीस वर्षांहून जास्त. टॅली आणि ब्राउझर एवढं लिहीतही नाहीत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण ती महत्त्वाची आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा लॅपटॉप त्यात बसतो का, हे एसएसडी घेण्याआधीच बघा. ज्यावर बँकेचे व्यवहार होतात, त्या मशीनवर सुरक्षेचे अपडेट यायलाच हवेत.

तुमच्या लॅपटॉपचं मॉडेल खाली लिहा. त्यात फक्त अडीच इंची साटा एसएसडी बसते की एम.२ चा (पट्टीसारख्या एसएसडीचा) स्लॉट आहे, आणि स्लॉट असेल तर तो साटाचा की एनव्हीएमईचा (या जोडणीच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत), हे बघून सांगतो. साटाच्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई चालत नाही, तेव्हा तोवर खरेदी करू नका.