सुलटी मोजणी

अवकाशयान सोडायचे असेल तर उलटी मोजणी करावी लागते, असे मी गेली एकवीस वर्षे आठवीच्या वर्गाला शिकवत आलो आहे. परंतु ते यान पाहायला मुले न्यायची असतील तर सुलटी मोजणी करावी लागते, आणि ती उलटीपेक्षा कितीतरी अवघड असते, हे मला गेल्या मे महिन्यात फ्लोरिडात कळले. शाळेची सव्वीस मुले, गणिताच्या बाई आणि मी असे अठ्ठावीस जण केनेडी अवकाश केंद्र पाहण्यासाठी निघालो, तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन एवढेच सांगितले, "सर, विज्ञान थोडे कमी समजले तरी चालेल. सव्वीस नेताय, सव्वीस आणा."

व्हिसाचे दोन इंची चौकोनी फोटो, त्यात चष्मा चालत नाही म्हणून आंधळ्या कोशिंबिरीसारखी उभी राहिलेली मुले आणि पालकांनी बॅगांत कोंबलेले प्रत्येकी दोन किलो फराळाचे डबे यांवर स्वतंत्र लेख होईल. तो मी लिहिणार नाही. माझा विषय मोजणीचा आहे.

बाईंनी विमानतळावरच प्रत्येक मुलाला एक नंबर दिला आणि 'नंबर' म्हटले की एकापासून सव्वीसपर्यंत क्रमाने ओरडायचे, अशी पद्धत ठरवली. पद्धत शास्त्रशुद्ध होती, पण वर्गात न आलेल्या मित्राची हजेरी लावण्याचा चार-चार वर्षांचा अनुभव आमच्या मुलांच्या गाठीशी आहे, हे बाई विसरल्या. ऑर्लँडोला उतरल्यावर सव्वीसच्या सव्वीस आवाज खणखणीत उमटले आणि सतरा नंबर मात्र सरकत्या पट्ट्यापलीकडे उभा राहून अग्निशामक नळकांड्यावरच्या सूचना वाचत होता. त्या दिवसापासून आवाजांवरचा विश्वास उडाला आणि आम्ही डोकी मोजू लागलो.

सतरा नंबरविषयी येथेच सांगून टाकतो. हा मुलगा खोडकर नाही, उद्धट नाही, कुठे पळूनही जात नाही. तो फक्त पाट्या वाचतो. भिंतीवर, खांबावर, दारावर जे काही छापलेले असेल ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचल्याशिवाय त्याचे पाऊल पुढे पडत नाही. ज्ञानाची अशी भूक असलेला विद्यार्थी लाभावा, अशी प्रार्थना मी नोकरीच्या पहिल्या वर्षी केली होती. ती इतक्या उशिरा आणि परदेशात फळाला येईल, असे वाटले नव्हते.

डोकी लांबून ओळखू यावीत म्हणून मी सर्वांना नारिंगी टोप्या घ्यायला लावल्या होत्या. त्यामागे विचार होता. स्पेस शटलचे अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी नारिंगी पोशाख घालत, कारण समुद्रात उतरण्याची वेळ आलीच तर शोधपथकाला तो रंग दुरून दिसतो. हे मी मुलांना मोठ्या अभिमानाने समजावूनही सांगितले. केंद्राच्या फाटकातून आत गेल्यावर लक्षात आले की तोच पोशाख लहान मुलांच्या मापात तिथल्या दुकानात विकतात आणि निम्म्या अमेरिकेने आपापल्या पोरांना तो चढवला आहे. माझी पहिली मोजणी एकतीस भरली. बाई म्हणाल्या, "कमी भरण्यापेक्षा बरे." गणिताच्या शिक्षकाने असे बोलावे, याचे मला आजही नवल वाटते.

केंद्राची सहल बसमधून होते आणि बस ही मोजणीच्या दृष्टीने देवाने निर्माण केलेली सर्वोत्तम वस्तू आहे, कारण तिला दार असते. मी निवांत बसून खिडकीबाहेर पाहू शकलो तो एवढाच काळ. यानाचे भाग जेथे एकमेकांवर उभे करून जोडतात, ती इमारत १६० मीटर उंच आहे आणि तिची अजस्र दारे पूर्ण उघडायला सुमारे पाऊण तास लागतो, असे वाटाड्याने सांगितले. मुलांना त्याचे फारसे आश्चर्य वाटले नाही, कारण हॉटेलात आमच्या बारा नंबरने बाथरूममध्ये जाऊन लावून घेतलेले दारही साधारण तेवढ्याच वेळात उघडत असे. मग रॉकेट पाठीवर घेऊन उड्डाणतळापर्यंत नेणारी ती रणगाड्यासारख्या पट्ट्यांची प्रचंड गाडी दिसली. ओझे घेऊन ती ताशी जेमतेम दीड किलोमीटर चालते, हे ऐकताच अकरा नंबरने बापाच्या गॅरेजला साजेसा प्रश्न विचारला, "सर, किती देते?" मी तो इंग्रजीत पुढे पोचवला. चार लिटर डिझेलमध्ये ती पंधरा मीटरही जात नाही, असे उत्तर आले. बसमध्ये क्षणभर शांतता पसरली. आमच्या तालुक्यातल्या मुलांना आतापर्यंतच्या सर्व आकड्यांपैकी हाच खऱ्या अर्थाने समजला होता.

हे केंद्र अभयारण्यात वसलेले आहे आणि रस्त्याकडेच्या चरांत मगरीचे चुलतभाऊ अ‍ॅलिगेटर पडून असतात. त्यांच्यापासून दूर राहण्याची सूचना देणाऱ्या पाट्याही असतात. पाट्या, हा शब्द ऐकताच मी बसमध्येच पुन्हा एकदा मोजून घेतले.

सॅटर्न ५ या रॉकेटने माणसाला चंद्रावर नेले. त्याची तीनच अस्सल रॉकेटे आज शिल्लक आहेत आणि त्यांपैकी एक येथे आडवे ठेवले आहे. ते ३६३ फूट, म्हणजे सुमारे १११ मीटर लांब आहे. वाचकांना ही लांबी भव्य वाटेल. मला ती क्रूर वाटली. मी शेपटाकडच्या पाच इंजिनांपासून मोजायला सुरुवात करून टोकापर्यंत पोहोचेतो शेपटाशी मोजलेली मुले पलीकडच्या बाजूने धावत टोकाशी येऊन उभी राहिलेली असत आणि पुन्हा मोजली जात. पहिल्या खेपेस चौतीस झाली, दुसऱ्या खेपेस एकोणीस. तेथे चंद्रावरच्या खडकाचा एक तुकडा हात लावण्यासाठी ठेवला आहे. असंख्य बोटे फिरून तो गुळगुळीत झाला आहे. शेवटी मी त्या तुकड्यापाशी ठाण मांडून बसलो, कारण प्रत्येक मूल तेथे येणारच होते. ती आली, पण प्रत्येक जण तीन-तीनदा रांगेत लागला.

संध्याकाळी नदीकाठावर उभे राहून आम्ही एका उड्डाणाची वाट पाहत होतो. वीज चमकते आहे आणि ती उड्डाणमार्गापासून दहा सागरी मैलांच्या आत आहे, म्हणून मोजणी थांबवल्याचे कळले. मुले हिरमुसली, मला मात्र मनापासून बरे वाटले. मग मी त्यांना सांगितले की मोजणी थांबणे हे अपयश नव्हे, ते वेळापत्रकातच धरलेले असते. शटलची मोजणी त्रेचाळीस तासांची म्हणत, पण ठरवून घेतलेल्या थांब्यांमुळे ती जवळजवळ तीन दिवस चाले. घड्याळ नऊ मिनिटांवर अडवून ठेवत आणि सगळे नीट आहे अशी खात्री झाल्यावरच पुढे सोडत. "म्हणजे सर, तुमच्यासारखंच," चार नंबर म्हणाली, "पंचवीसवर अडतं." उड्डाण त्या दिवशी झाले नाही. पंचवीसचे सव्वीस मात्र झाले. सतरा नंबर नदीतल्या मासेमारीचे नियम वाचत होता.

अटलांटिस हे शटल तेहेतीस मोहिमा करून २०११ मध्ये निवृत्त झाले. ते ४३.२१ अंशांत कलते ठेवलेले आहे. चार, तीन, दोन, एक, हे लक्षात येताच बाईंना एवढा आनंद झाला की त्या मोजणी विसरल्या. माझी पंचवीसवर अडली. सतरा नंबरला शोधत मी त्याच इमारतीतल्या एका मंद प्रकाशाच्या दालनात शिरलो. १९८६ मध्ये चॅलेंजर आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया या शटलांच्या अपघातांत गेलेल्या चौदा जणांच्या वस्तू तेथे प्रत्येकाच्या वेगळ्या कपाटात मांडल्या आहेत. मुलगा कल्पना चावलांच्या कपाटापुढे होता. मी रागवायला तोंड उघडले, पण त्याचे अजून चार जण वाचायचे राहिले होते. आम्ही दोघांनी मिळून ते वाचले. बाहेर आलो तेव्हा बाई रडवेल्या होऊन उभ्या होत्या. त्यांच्या हिशेबात आता सतरा नंबर आणि सर असे दोन कमी होते.

परत येताना मुंबईच्या विमानतळावर सव्वीस भरले, फूड मॉलवर सव्वीस भरले, आणि पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानात बस थांबली. पालक एकेक करून पुढे येऊ लागले. सव्वीसचे पंचवीस झाले, पंचवीसचे चोवीस. माझ्या लक्षात आले की पंधरा दिवसांत पहिल्यांदाच आकडा उतरतो आहे आणि तरी पोटात गोळा येत नाही. दहापासून पुढे मुलांनी मोठ्याने साथ धरली. नऊ, आठ, सात... आणि मोजणी एकावर अडली. सतरा नंबरचे वडील आले नव्हते. तो नोटीस बोर्डावरचे गेल्या वर्षीचे वेळापत्रक वाचत उभा राहिला, मी त्याच्या शेजारी. वीस मिनिटांनी स्कूटर आली.

"काय मग, काय पाहिलंस अमेरिकेत?" वडिलांनी त्याची बॅग पायापाशी ठेवत विचारले.

"रॉकेट," तो मागे बसत म्हणाला, "आणि सरांना मोजताना."