टी म्हणजे एम जी नव्हे!

पुरे झालं आता. म्हापसा असो, फोंडा असो की काणकोण, अकरावीच्या पोरापुढे कप्पीचं गणित ठेवलं की पहिली ओळ ठरलेली: टी = एम जी, म्हणजे दोरीचा ताण (टी) = लटकलेलं वस्तुमान (एम) गुणिले गुरुत्वत्वरण (जी). अरे, कुठून आणलं हे? वजन खाली धावतंय आणि दोरीचा ताण त्या वजनाइतकाच? मग ते धावतंय कशाच्या जोरावर? वर तेवढंच, खाली तेवढंच, बेरीज शून्य. बल शून्य असलं की त्वरणही (वेग बदलण्याचा दर, ए) शून्य, हे न्यूटनने १६८७ मध्ये छापून ठेवलंय.

साधं घ्या. गुळगुळीत टेबलावर ३ किलोचा ठोकळा, दोरी काठावरच्या कप्पीवरून खाली, टोकाला २ किलो. जी ९.८. टेबलावरच्या ठोकळ्याला ओढतो तो फक्त ताण: टी = ३ए. लटकलेल्यावर वजन (२ × ९.८ = १९.६) खाली, ताण वर: १९.६ − टी = २ए. दोन्ही समीकरणं मिळवा, टी उडतो, १९.६ = ५ए, ए = ३.९२. आता मागे जाऊन टी काढा: ११.७६ न्यूटन. १९.६ नाही! १९.६ धरलात तर टेबलावरचा ठोकळा ६.५३ ने सुटतो आणि लटकलेला जागचा हलत नाही. एकच दोरी, न ताणली जाणारी, आणि तिच्या दोन टोकांची दोन त्वरणं? हे तपासायला अर्धं मिनिट पुरतं. तेवढंही करत नाहीत!

पोरांवर राग नाही. राग आहे तो ट्यूशनमधल्या त्या चौकटीवर: मोठं वजा लहान, भागिले दोघांची बेरीज, गुणिले जी. पाठ करा, सगळं सुटेल. नाही सुटत! हे सूत्र जॉर्ज अ‍ॅटवुडच्या मशीनचं, त्याने १७८४ मध्ये मांडलेल्या. एकच स्थिर कप्पी, दोन्ही बाजूंना लटकलेली वजनं, कप्पी वजनहीन, घर्षण नाही. यातली एक अट मोडली की सूत्र गेलं. चौकटीखाली त्या अटी कोणी लिहून देत नाही, हाच संताप आहे.

हलती कप्पी आली की तर धिंडवडे निघतात. दोरीचं एक टोक छताला, दोरी हलत्या कप्पीखालून वर, मग स्थिर कप्पीवरून खाली, मोकळ्या टोकाला २ किलो. हलत्या कप्पीला ३ किलो. चौकटवाला सांगणार: ३ किलो जड, म्हणून १.९६ ने खाली. आकडा चूक आणि दिशाही चूक! हलती कप्पी दोरीच्या दोन पदरांवर टांगलेली आहे, तिला वर खेचतात दोन टी. ३ किलोच वर जातो. आणि त्वरणं सारखी नसतात. ३ किलो हातभर वर यायचा तर दोन्ही पदर हातभर आखूड व्हायला हवेत, म्हणजे मोकळं टोक दोन हात खाली. अशा कप्पीने चिरे वर चढवणाऱ्या मिस्त्रीला हे कोणी शिकवावं लागत नाही. तेव्हा ३ किलोचं त्वरण ए, तर २ किलोचं २ए. १९.६ − टी = २ × २ए आणि २टी − २९.४ = ३ए. ए येतो ०.८९, २ किलोचं त्वरण १.७८, टी सुमारे १६ न्यूटन. दोघांना सारखाच ए धरलात तर १.४ येतं, आणि पर्यायांत ते १.४ दिसलं की पोरं डोळे मिटून खूण करतात.

कप्पीला वजन दिलं असेल तर दोन्ही बाजूंचा ताण एकच धरू नका. ताण सारखेच असतील तर कप्पी फिरवणार कोण? १ किलोची भरीव चकती, तिच्यावर ३ आणि २ किलो: बेरजेत चकतीचं अर्धं वस्तुमान मिळवा, ए = ९.८ ÷ ५.५ = १.७८. जड बाजूला ताण २४.०५, हलक्या बाजूला २३.१६.

आणि घर्षण! टेबलावर ५ किलो, घर्षणांक ०.५, लटकलेले २ किलो. पोर आकडे कोंबतं, ए = −०.७ येतं, आणि उत्तरात लिहितं, "लटकलेलं वजन ०.७ ने वर जातं." घर्षण वजनाला वर ओढून नेतं? घर्षण फक्त अडवतं! आधी बघा, हलतंय तरी का: ओढ १९.६, घर्षण ०.५ × ५ × ९.८ = २४.५ पर्यंत अडवू शकतं. हलत नाही. ए शून्य, घर्षण १९.६, टी १९.६. इथे, वजन स्थिर असताना, टी = एम जी लिहा. नेमकं इथेच कोणी लिहीत नाही.