४.१ की ४.५? सोनोग्राफीवाला खोटा नाही

‘एकाच माणसाची पोटातली महाधमनी एका सेंटरवर ४.१ सेंटिमीटर, आठ दिवसांनी दुसरीकडे ४.५. सोनोग्राफीचे आकडे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे! मोठ्या डॉक्टरकडे जा, नाहीतर सरळ सीटी करा.’ हा मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला. महाधमनी म्हणजे शरीरातली मुख्य रक्तवाहिनी; ती पोटात कधी फुग्यासारखी फुगते, आणि तो फुगा फुटला तर जीवावर बेततं, म्हणून तिची रुंदी मोजत राहतात. रोज प्रोब हातात धरणारा म्हणून सांगतो, दोन्ही आकडे बरोबर असू शकतात.

अंदाजपंचे? स्क्रीन फ्रीझ केली की धमनीच्या भिंती पांढऱ्या रेघांसारख्या दिसतात, आणि त्या रेघांना जाडी असते. कॅलिपरच्या, म्हणजे माप घ्यायच्या, फुल्या ठेवायच्या कुठे? ब्रिटनच्या तपासणी मोहिमेत आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतात. स्वीडनमध्ये पुढच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून मागच्या भिंतीच्या आतल्या कडेपर्यंत. बाकी कित्येक जण बाहेरून बाहेर. एवढ्यानेच चारेक मिलिमीटर इकडचे तिकडे होतात. शिवाय प्रत्येक ठोक्याला धमनी एखादा मिलिमीटर फुगते, आणि छेद तिरपा गेला तर काकडी तिरकी चिरल्यासारखी चकती लांबट येते.

मोठा डॉक्टर? ब्रिटनमध्ये ६५ वर्षांच्या पुरुषांची ही तपासणी प्रशिक्षित तंत्रज्ञ करतात. पद्धत ठरलेली असली की हात कुणाचा हे दुय्यम.

सीटीतही फुल्या माणूसच ठेवतो, आणि तिथला आकडा सहसा सोनोग्राफीपेक्षा थोडा मोठाच येतो. आज सोनोग्राफी, उद्या सीटी केलीत, तर न वाढलेला फुगा वाढलेला दिसेल. ऑपरेशन ठरलं तर सीटी लागतेच, दरवर्षी कशाला?

आणि निरुपयोगी म्हणाल, तर ब्रिटनमधल्या सुमारे ६८ हजार पुरुषांच्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली आले. ज्यांना सोनोग्राफीला बोलावलं, त्यांच्यात या फुग्याने होणारे मृत्यू ४२ टक्के कमी होते.

एक मात्र कबूल. तिथल्या नियमाने ४.४ पर्यंत वर्षाने बोलावतात, ४.५ पासून तीन महिन्यांनी. म्हणजे मेसेजमधल्या माणसाला फरक पडतो, पण जादा खेपांचा. पुरुषांत ऑपरेशनचा विचार साधारण ५.५ ला होतो.

पुढच्या वेळी जुना रिपोर्ट, फिल्मसकट, टेबलावर झोपण्याआधीच दाखवा. फुल्या कुठे होत्या ते फिल्मवर दिसतं.