माकडहाड आणि मी

"मुलगा काय करतो?" असं कोणी विचारलं की आई "पेपरात आहे" म्हणते आणि विषय बदलते. प्रत्यक्षात मी एका मराठी न्यूज पोर्टलवर कमेंट तपासतो. म्हणजे सकाळी सातपासून लोकांच्या शिव्या वाचतो, त्याही दुसऱ्याला दिलेल्या.

मदतीला फिल्टर आहे. त्याच्याकडे वर्ज्य शब्दांची यादी आहे. शब्द दिसला की कमेंट अडकवायची आणि माझ्याकडे ढकलायची, बाकीच्या थेट लागतात. परवा कंबरदुखीवर लेख आला आणि निम्मे वाचक कोठडीत गेले. सगळ्यांचं माकडहाड दुखत होतं, यंत्राला त्यातलं माकड तेवढं दिसलं. हा रोग जुनाच. १९९६ साली इंग्लंडातल्या स्कन्थॉर्पकरांना अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेवर खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावात मधोमध एक शिवी दडलेली होती.

ज्यांना खरंच शिवी द्यायची असते, ते 'गा.ढ.व' लिहून निघून जातात. एरवी अनुस्वार खाणारी माणसं इथे टिंब कसं अचूक देतात!

उपासाच्या खिचडीत कोथिंबीर चालते का, यावर गेल्या एकादशीला जुंपली. अकराव्या कमेंटला विषय कोथिंबिरीवरून नेहरूंवर गेला. नेहरू फिल्टरच्या यादीत नाहीत. तक्रारी आल्या म्हणून मी दोन्ही बाजूंच्या चार-चार उडवल्या, तर दोन्ही बाजूंनी मला विकला गेलेला ठरवलं. शिवाय घटनेचं कलम १९, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, ऐकवलं. त्याच कलमात पुढे अपवादही दिलेत, पण तिथवर वाचायला कोणाला वेळ आहे?

अमेरिकेतल्या एनपीआर या रेडिओ संस्थेने २०१६ साली वेबसाइटवरच्या कमेंटच बंद केल्या. हे मी संपादकांना आशेने सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना क्लिक नको असतील. आपल्याला हवेत."

काल एका काकांची कमेंट उडवली. तासाभरात दुसरी आली: "कमेंट खोडणाऱ्या महोदयांस सादर प्रणाम. आपल्याला शिकवण्यात आपल्या मातोश्रींचे किती पैसे वाया गेले असतील, या विचाराने जीव कळवळला. आपला नम्र." एकही वर्ज्य शब्द नाही. फिल्टरने आदराने वाट करून दिली. मी पाहीपर्यंत सत्तावीस लाइक पडले होते.

त्यातला एक आईचा.