परीक्षा नाहीच, मग रद्द काय करणार?

सध्या फिरणारा दावा असा: ‘मध्य प्रदेशातून नागपुरात आलेल्या डॉक्टर, वकील, फार्मासिस्टला इथं पुन्हा परीक्षा द्यावी लागते. ती बंद करा, प्रश्न मिटला.’

डॉक्टरांपुरता हा घोळ बहुधा एफएमजीईवरून झालेला. ती परीक्षा परदेशात एमबीबीएस केलेल्यांसाठी आहे, मध्य प्रदेशातल्या शिवनीहून आलेल्यांसाठी नाही.

वकिलांची ऑल इंडिया बार परीक्षा तर एकदा उत्तीर्ण झालात की देशभर चालते. नाव दुसऱ्या राज्याच्या पटावर न्यायचं तर अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम १८ खाली अर्ज बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे करायचा. शिस्तभंगाची कारवाई चालू असेल तर तो नाकारला जाऊ शकतो. सीए आणि आर्किटेक्ट यांची नोंदणी मुळातच राष्ट्रीय. त्यांना या यादीत ओढू नये.

खरी गाठ फार्मासिस्टची. फार्मसी अधिनियम १९४८ चं कलम ३२(२) दुसऱ्या राज्यातली नोंदणी ही पात्रताच मानतं. वय १८, शुल्क, आणि राज्यात वास्तव्य किंवा व्यवसाय एवढंच हवं. अशा फार्मासिस्टला वेगळ्या परीक्षेची अट नाही. पण कलम २ मधली व्याख्या बघा: ज्या राज्यात तुम्ही सध्या राहता किंवा व्यवसाय करता, तिथल्या नोंदवहीत नाव असेल तरच तुम्ही ‘नोंदणीकृत’. म्हणजे छिंदवाड्याचं प्रमाणपत्र सीताबर्डीच्या मेडिकलमध्ये भिंतीवर टांगून भागत नाही. औषध नियमांतला नियम ६५ प्रिस्क्रिप्शनची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीतच द्यायला सांगतो, त्यामुळे ‘एनओसी (जुन्या राज्याच्या फार्मसी कौन्सिलचं ना हरकत प्रमाणपत्र) येईपर्यंत बसा काउंटरवर’ म्हणणारा दुकानदार स्वतःचा परवानाच पणाला लावतो.

तेव्हा मागणी करायचीच तर ही करा: व्याख्या बदला, आणि तोवर एका राज्याच्या फार्मसी कौन्सिलनं दुसऱ्या राज्याच्या कौन्सिलला नोंदणीची पडताळणी कळवायला ठरावीक दिवसांची मुदत घाला. उमेदवाराचे दिवस या पडताळणीच्या पत्राची वाट पाहण्यातच जातात.

तोवर क्रम पाळावा. जुन्या राज्यातलं नूतनीकरण थकलं असेल तर आधी ते भरा. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि नोंदणी यांवरचं नाव जुळवा. लग्नानंतर बदललेलं आडनाव इथंच नडतं, आणि दुरुस्ती जुन्या नोंदवहीत झालेली बरी. मग एनओसी मागा, त्याची पोच ठेवा. हातची नोकरी मात्र इथला नोंदणी क्रमांक मिळाल्यावरच सोडा.