साडेसहाशेचं सरपण

कालपासून बेळगावातल्या आमच्या वडगावच्या गल्लीत माझी ओळख 'लाकूड शिजवणारा' अशी झाली आहे.

माशांच्या टाकीत एखादं वाकडंतिकडं लाकूड असलं की मासे आडोशाला बसतात, सकर मासा ते हौसेनं खरवडतो, म्हणून विकत घेतलं. किलोवर. 650 रुपये झाले. कुठल्या झाडाचं, असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "डेकोरेशनचं." पुन्हा विचारलं तर म्हणाला, "इंपोर्टेड." कांदा घेतानासुद्धा नाशिकचा की गावठी ते कळतं, इथे झाडाचं नाव विचारणारा उद्धट ठरतो. वर टाकीत घालायची सुकलेली बदामाची पानंही पाकिटात भरून विकायला होती. आमच्या कोपऱ्यावरचा बदाम ती पानं रोज माझ्या स्कूटरवर फुकट टाकतो.

नवं लाकूड आधी उकळून घ्यावं लागतं. त्यातला टॅनिन नावाचा तपकिरी रंग बराचसा निघून जातो, कीडबिड मरते आणि लाकूड पाणी पिऊन जड झाल्यामुळे तळाशी बसतं. बायकोने गॅसकडे फिरकू दिलं नाही. मग परसात तीन विटा मांडल्या, जुना हंडा चढवला आणि खाली जाळ केला. तेवढ्यात कुंपणावरून शेजारचे आप्पा उगवले.

"काय शिजवुलालास रे?"

"लाकूड, आप्पा."

आप्पांनी चष्मा लावला, हंड्यात पाहिलं, मग चुलीत पाहिलं.

"खाली काय जळतंय?"

"लाकूड."

"वर काय शिजतंय?"

"लाकूड."

"मग दोघांत फरक काय?"

"वरचं साडेसहाशेचं आहे."

आप्पा बराच वेळ गप्प राहिले. माणूस गप्प असला की समजूतदार वाटतो. मग त्यांनी तिथूनच आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "अगो ए, बाहेर ये, ह्यानं साडेसहाशेचं सरपण आणलंय!" काकू आल्या. काकूंच्या मागे सूनबाई आल्या. दूधवाला सायकल लावून डोकावला, "एन्री इदु?" आप्पांनी त्याला कन्नडात सगळं समजावलं, त्यानं वाकून हंड्यात मासा शोधला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून निघून गेला.

एव्हाना पाणी चहासारखं झालं होतं. आप्पांना ते गुडघ्याला लावायला तांब्याभर हवं होतं. नको म्हटलं तर म्हणाले, "माशाला चालतंय, मला चालत नाही होय?"

मग सल्ले. "खानापूरच्या जंगलात जा की, ढीग पडलंय." तिथलं भीमगडचं जंगल 2011 पासून अभयारण्य आहे, तिथली काडीही उचलता येत नाही, असं मी म्हटलं. "मग निलगिरी घे, बांधावर हाय." निलगिरीत तेल असतं. "खोक्याचं घे." पॅकिंगची खोकी बहुधा पाईनची, त्यात राळ. "काजूचं?" त्याचा चीक अंगावर उठतो, मग टाकीत कशाला? लाकूड टणक, पूर्ण वाळलेलं, साल काढलेलं, बिनरंगाचं आणि बिनपॉलिशचं हवं, हे मी तीनदा सांगितलं. "तुझ्या माशाचे लाड आमच्या नातवाला मिळत नाहीत," असं म्हणून आप्पा आत गेले.

खरं सांगू का, मला राग आप्पांचा नाही. पोपट पाळणाऱ्याला कोणी विचारत नाही, कुत्र्याला स्वेटर घालणाऱ्याचे फोटो काढतात. टाकीवाल्याने पाणी बदललं तरी लोक विचारतात, "कापणार कधी?" आणि तो दुकानदार! सहाशे पन्नास मोजून घेतो, पण लाकडावर पुढे पांढरी बुरशी चढते, ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते आणि आपोआप जाते, एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. ती दिसली की मीच घाबरून पुन्हा त्याच्याकडे जायचं, आणि त्याने मला औषधाची बाटली विकायची.

आज सकाळी आप्पांनी फाटकाशी जुन्या चौकटीचा एक तुकडा आणून ठेवला. अस्सल सागवान, वर हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात. "फुकट हाय, घाल." दुपारी विचारलं, "घातलास का?" घातलं, म्हणालो.

संध्याकाळी बघायला येतो म्हणालेत. सोबत काकू पण.