टाकी म्हणजे नक्की कोण?

सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत दोन जाहिरातींच्या मध्ये चार ओळींची जागा उरली. ती भरायला माझ्याकडे कविता मागितली. आदल्याच रात्री गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, पंप बंद करायला कोणी उठेना, आणि शेवटी मीच चपला शोधत खाली गेलो होतो. तो संताप ताजा होता. लिहून टाकलं :

टाकी भरली, पाणी वाहे,
वरती कोणी जागे नाही;
जिन्यावरुनी थेंब उतरती,
खाली कोणी मागे नाही.

ही कविता पाण्याच्या टाकीबद्दल आहे. इथे सांगून ठेवतो, कारण बाकी कोणी ऐकून घेतलं नाही.

स्मरणिका वाटली त्याच संध्याकाळी सेक्रेटरी दारात हजर. ‘वरती कोणी जागे नाही’ म्हणजे कमिटी झोपा काढते, आणि वाहून चाललेलं पाणी म्हणजे सिंकिंग फंड, असा त्यांचा हिशेब होता. मी म्हटलं, “अहो, पाणी म्हणजे पाणी.” ते म्हणाले, “आम्हीही मराठी मिडियमचेच आहोत.”

तळमजल्यावरच्या काकू मात्र डोळे पुसतच आल्या. ‘खाली कोणी मागे नाही’ ही ओळ त्यांच्यावरच आहे म्हणे; वरच्या मजल्यावर राहणारी सून वाटीभर साखरसुद्धा मागायला येत नाही. “माझं दुःख तुम्हाला बरोबर कळलं,” असं म्हणून त्यांनी अळूवड्यांचा डबा पुढे केला. मी अळूवड्या घेतल्या. डबा हातात असताना अर्थ नाकारायचा कसा?

घरातही धडगत नव्हती. “टाकी फुल्ल म्हणजे माझा दादाच ना?” बायकोने विचारलं. मागच्या लग्नातला मेहुण्यांचा पराक्रम साऱ्या वऱ्हाडाने पाहिला होता, त्यामुळे खुलासा करण्यात अर्थ नव्हता.

चौथ्या मजल्यावर मराठीचे निवृत्त प्राध्यापक राहतात. निदान ते तरी माझी बाजू घेतील म्हणून गेलो. ते म्हणाले, “लेखक १९६७ सालीच वारला. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाने तसा निबंधच लिहिलाय. अर्थ आता वाचकाच्या ताब्यात.”

“पण सर, मी समोर बसलोय.”

“तो तुमचा खाजगी प्रश्न झाला.”

मग चहा पाजून त्यांनी मम्मटाकडे नेलं. काश्मीरचा हा पंडित अकराव्या शतकातला. ‘काव्यप्रकाशा’त तो एकच वाक्य घेतो, सूर्य मावळला, आणि ऐकणारा कोण यावर त्याचे अर्थ कसे बदलतात ते दाखवतो. कोणाला त्यात ‘शत्रूवर चालून जा’ ऐकू येतं, कोणाला ‘गुरं गोठ्यात घाला’, कोणाला ‘संध्येला बसा’, दुकानदाराला ‘माल आवरा’, आणि एखादीला ‘आजही तो आला नाही’. मला त्या मूळ बोलणाऱ्याची दया आली. बिचाऱ्याला फक्त अंधार पडला एवढंच सांगायचं असेल, आणि तेवढ्यात फौज निघाली!

आपल्याकडे बालकवींचा ‘औदुंबर’ आहेच. आठ ओळी. त्यात झरा, चार घरांचं गाव, शेतमळे, पायवाट, डोह, आणि पाण्यात पाय टाकून बसलेलं एक झाड. त्या झाडात कोणाला विरक्त योगी दिसला, कोणाला मृत्यूची सावली. हे नुसतं निसर्गचित्र आहे म्हणणाऱ्यांनाही ते सिद्ध करायला पानंच्या पानं खर्चावी लागली. (रसग्रहणाच्या प्रश्नाला ‘झाड म्हणजे झाड’ असं उत्तर लिहून पाहा, किती गुण पडतात ते!) बालकवी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेले, अवघ्या २७व्या वर्षी, त्यामुळे त्यांना विचारायची सोय उरली नाही. पण ते असते तरी काय मोठा फरक पडला असता? तेंडुलकर होते की! १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं. हे ऐतिहासिक नाटक नाही असं ते सांगत राहिले आणि लोक नाना फडणविसांवरून भांडत राहिले.

इकडे कमिटीची मीटिंग झाली. कवीने नोटीस बोर्डावर लेखी खुलासा लावावा असा ठराव पास झाला. सूचक सेक्रेटरी, अनुमोदक खजिनदार. काकू विरोधात होत्या. खुलासा आला तर त्यांचं दुःख रद्द होईल अशी त्यांना धास्ती. मी पांढरा कागद घेतला, मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘टाकी म्हणजे टाकी’, खाली सही केली आणि पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी टाचणीने लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी प्राध्यापकांनी माझा हात धरला. “कवितेपेक्षा ही ओळ सरस आहे! काय उपरोध!” मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “पहिली टाकी सेक्रेटरी, ते माझ्या लक्षात आलं. ही दुसरी कोण हो?”